हेब्रिडीजचा समुद्र आणि मेंडेल्सोनची ओव्हर्चर

पाश्चात्य वाद्यसंगीत प्रथमच ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याचा एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो. या संगीतांत शब्द नाहींत, गाणारा कोणी नाहीं. मग एखाद्या रचनेला समुद्राचें, वनाचें किंवा वादळाचें नांव द्यावयाचें तें कशाच्या आधारावर? प्रश्न वाजवी आहे. आपल्याकडे मल्हाराचे स्वर ऐकतांच पावसाळा आठवतो. परंतु त्यामागें पिढ्यान् पिढ्यांचा संकेत उभा असतो, आणि बहुधा बंदिशीचे बोलही मेघांची व विजेची नांवें घेऊन साहाय्यास येतात. युरोपांतील रचनाकारापाशीं असा संकेत नव्हता. त्याला जें सांगावयाचें तें त्या एका रचनेच्या आंतच उभें करावें लागे. हें कितपत साधतें आणि त्यासाठीं रचनाकाराला काय मोजावें लागतें, हें पाहण्यास फेलिक्स मेंडेल्सोन याची 'हेब्रिडीज' ही ओव्हर्चर फार उपयोगी आहे; कारण तिच्या जन्माची हकीगत पत्रांतून व हस्तलिखितांतून बऱ्याच तपशिलासह शिल्लक राहिली आहे.

मेंडेल्सोनचा जन्म हांबुर्ग येथें ३ फेब्रुवारी १८०९ रोजीं झाला. वाढला तो मात्र बर्लिनमध्यें. आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे नामांकित तत्त्ववेत्ते, वडील सुखवस्तु पेढीवाले. मोठी बहीण फानी हीदेखील उत्तम पियानोवादक व रचनाकार होती, आणि आपली प्रत्येक रचना प्रथम तिच्या कानावर घालावी असा फेलिक्सचा परिपाठ होता. त्याचा गुरु झेल्टर यानें त्याला बाखच्या संगीताच्या कडक शिस्तींत तयार केलें. अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळीं, परस्परांना धक्का न लावतां, एकत्र चालविण्याची जी विद्या काउंटरपॉइंट या नांवानें ओळखली जाते, तींत हा मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षींच निष्णात झाला होता. मार्च १८२९ मध्यें, वयाची विशी नुकतीच पूर्ण झाली असतां, त्यानें बाखचें विस्मृतींत गेलेलें 'सेंट मॅथ्यू पॅशन' बर्लिन येथें स्वतःच्या नेतृत्वाखालीं सादर केलें, आणि सबंध युरोपचें लक्ष बाखकडे नव्यानें वळविलें. ही विद्वत्ता ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पुढें तिचाच त्याला अडथळा व्हावयाचा होता.

त्याच वर्षीं एप्रिलमध्यें तो लंडनला आला आणि तेथील हंगाम संपल्यावर जुलैंत कार्ल क्लिंगेमान या मित्रासह स्कॉटलंडच्या प्रवासास निघाला. त्या काळच्या युरोपीय तरुणाला स्कॉटलंडची ओढ का वाटे याचें कारण वाङ्मयांत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स मॅक्फर्सन यानें ओशन नांवाच्या प्राचीन कवीचीं म्हणून कांहीं काव्यें प्रसिद्ध केलीं. त्यांच्या अस्सलपणाविषयीं पुढें मोठा वाद माजला. तरी त्यांतील धुकें, ओसाड किनारे आणि फिंगाल नांवाचा वीर राजा यांनीं जर्मनीपासून इटलीपर्यंतच्या वाचकांना वेड लावलें होतें. वॉल्टर स्कॉटच्या काव्यांनीं व कादंबऱ्यांनीं त्यांत भर घातली. क्लिंगेमान व मेंडेल्सोन हे दोघे तरुण त्या वातावरणांतच वाढलेले होते.

७ ऑगस्ट १८२९ रोजीं हे दोघे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओबान गांवाहून समुद्रमार्गें मल बेटावरील टोबरमोरी येथें पोहोंचले. समोर हेब्रिडीज या नांवानें ओळखला जाणारा बेटांचा समूह पसरलेला होता. त्याच दिवशीं मेंडेल्सोननें ओबानजवळच्या डनॉली किल्ल्याचें एक रेखाचित्र काढलें. चित्रकलेंतही त्याचा हात चांगला होता. घरीं धाडावयाच्या पत्रांत मात्र त्यानें वर्णन केलें नाहीं. या बेटांचा आपल्या मनावर किती विलक्षण परिणाम झाला हें कळावें म्हणून तेथें सुचलेलें कांहीं पाठवीत आहें, अशा अर्थाचा मजकूर लिहून त्यानें खालीं स्वरलिपि मांडली. तींत एकवीस मात्राखंड आहेत, आणि कोणतें वाद्य कोठें वाजावें याच्या सूचनाही आहेत. आज जगभर वाजविल्या जाणाऱ्या ओव्हर्चरचा आरंभ जवळजवळ जशाचा तसा त्या कागदावर उतरलेला आहे.

दुसऱ्या दिवशीं, ८ ऑगस्टला, ते आगबोटीनें स्टाफा बेटाकडे गेले. स्टाफा हें अगदीं लहान बेट. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जोसेफ बँक्स हे १७७२ मध्यें आइसलंडला जात असतां तेथें उतरले, आणि त्यांनीं लिहिलेल्या वर्णनामुळें तेथील गुहा प्रसिद्धीस आली. ज्वालामुखीचा रस थंड होतांना त्याला भेगा पडून बहुधा षट्कोनी असे काळ्या पाषाणाचे उंच खांब तयार होतात. अशा शेंकडों खांबांच्या रांगांमध्यें समुद्रानें पोखरून काढलेली ही गुहा सुमारें सत्तर मीटर खोल आहे. मुंबईकरांनीं अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर या खांबांची कल्पना करण्यास त्यांना दूर जावयास नको. तेथील उभे कातळही अशाच रीतीनें घडलेले आहेत. फरक हा कीं स्टाफाच्या खांबांच्या पायथ्याशीं अटलांटिक महासागर येऊन आदळतो. लाट आंत शिरते, छताखालची हवा दाबली जाते, आणि सारी गुहा घुमूं लागते. गेलिक भाषेंतील तिच्या जुन्या नांवाचा अर्थच 'मधुर नादाची गुहा' असा आहे. फिंगालची गुहा हें नांव तिला बँक्स यांच्या भेटीनंतर रूढ झालें.

त्या दिवशीं समुद्र खवळलेला होता. क्लिंगेमाननें आपल्या पत्रांत मित्राची थट्टा केली आहे कीं, रचनाकार या नात्यानें त्याचें समुद्राशीं चांगलें जमतें, पण त्याच्या पोटाचें मुळींच जमत नाहीं. बोटीवर ब्यायशीं वर्षांची एक वृद्धा होती. मरण्यापूर्वीं स्टाफाची गुहा पाहावयाची एवढीच तिची इच्छा होती. थंडीनें काकडत ती बोटीच्या बाष्पपात्राजवळ ऊब घेत बसली होती, आणि बेटावर पोहोंचल्यावर धडपडत, पाण्याच्या अगदीं काठाकाठानें जाऊन तिनें ती पाहिली. गुहेचें वर्णन करतांना क्लिंगेमानला एका प्रचंड ऑर्गनच्या अंतर्भागाची आठवण झाली : काळाकुट्ट, घुमणारा, कोणासाठींही न बांधलेला, एकटाच उभा असलेला आणि आंतबाहेर करड्या समुद्रानें भरलेला.

येथें एका गोष्टीकडे लक्ष दिलें पाहिजे. ही रचना 'फिंगालची गुहा' या नांवानें सर्वत्र ओळखली जाते. १८३५ मध्यें संपूर्ण वाद्यवृंदाची जी छापील प्रत निघाली तिच्यावरही तेंच नांव होतें. परंतु तिचा मूळ स्वरबंध गुहा पाहण्याच्या आदल्या दिवशींच कागदावर उतरला होता. म्हणजे तो गुहेचा प्रतिध्वनि असणें शक्य नाहीं. किनाऱ्यावरून व बोटीवरून जो समुद्र दिसला, जीं बेटें धुक्यांतून पुढें येऊन पुन्हां मागें सरलीं, त्यांतून तो निघाला. नांवें पुष्कळदां मागाहून चिकटतात आणि मग ऐकणारा त्या नांवाचेंच चित्र स्वरांत शोधूं लागतो. या रचनेच्या बाबतींत तरी नांवापेक्षां तारखेवर अधिक विश्वास ठेवावा हें बरें.

आरंभ एका दिवसांत सुचला. शेवटाला तीन वर्षें लागलीं. रोम येथें डिसेंबर १८३० मध्यें रचना प्रथम पुरी झाली. एका वेळीं तिला 'एकाकी बेट' असें नांव द्यावयाचाही विचार होता. पण मेंडेल्सोन ती प्रसिद्ध करीना. २१ जानेवारी १८३२ रोजीं त्यानें पॅरिसहून फानीला जें पत्र लिहिलें त्यांत याचें कारण सांपडतें. मधला मोठ्या आवाजाचा भाग मूर्खपणाचा झाला आहे, आणि ज्याला विस्तार म्हणावयाचें त्या सबंध भागाला देवमाशाचें तेल, समुद्रपक्षी आणि खारवलेले मासे यांच्यापेक्षां काउंटरपॉइंटचाच वास अधिक येतो. खरें तर हें उलट असावयास पाहिजे, असा त्याचा अभिप्राय होता.

या तक्रारीचा अर्थ समजण्यास रचनेची बांधणी थोडक्यांत माहीत असावी. ही ओव्हर्चर सोनाटाच्या पद्धतीनें बांधलेली आहे. पियानोवरील सोनाटांच्या पहिल्या भागांत ही पद्धति सर्वांत स्पष्ट दिसते. प्रथम दोन भिन्न स्वभावांच्या स्वरकल्पनांची मांडणी होते; नंतर त्या कल्पना मोडून, उलटून, एकमेकींवर घालून त्यांचा विस्तार केला जातो; आणि शेवटीं त्या पुन्हां आपल्या मूळ ठिकाणीं परत येतात. यांतील मधला विस्तार हाच रचनाकाराच्या विद्वत्तेचा आखाडा. तेथें ज्याला जें येतें तें दाखविण्याचा मोह अनिवार होतो, आणि झेल्टरच्या या शिष्याला तर पुष्कळच येत होतें. रोममध्यें त्यानें तो विस्तार आपल्या सर्व विद्येनिशीं लिहिला. तो निर्दोष होता. फक्त त्यांत समुद्र नव्हता. शिस्तबद्ध पंडितानें लाटांना रांगेंत उभें केल्यासारखें तें झालें होतें, आणि हें प्रथम ओळखलें तें स्वतः त्या पंडितानेंच.

लंडनमधील त्याचे मित्र, विख्यात पियानोवादक मोशेलेस, यांना हा असंतोष पटत नव्हता. मेंडेल्सोनच्या रचनांचे पहिले खर्डेच इतके सुंदर व सर्वांगपूर्ण असतात कीं त्यांत बदल करणें इष्ट नाहीं, असें त्यांचें मत होतें. या विषयावर दोघांत वारंवार चर्चा झाली, असें त्यांनीं नोंदवून ठेवलें आहे. पण मेंडेल्सोन आपल्या फेरफारांवर ठाम राहिला. १४ मे १८३२ रोजीं लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या जलशांत टॉमस ॲटवुड यांच्या नेतृत्वाखालीं ही ओव्हर्चर प्रथम वाजविली गेली. त्यानंतरही त्यानें पुन्हां लेखणी उचलली, आणि २० जून १८३२ ही तारीख असलेली सुधारलेली प्रत तयार केली. बर्लिनकरांनीं ती १० जानेवारी १८३३ रोजीं, खुद्द मेंडेल्सोनच्याच नेतृत्वाखालीं, ऐकली.

आतां प्रत्यक्ष रचनेकडे वळावयास हरकत नाहीं. ती सुमारें दहा मिनिटांची आहे. वाद्यवृंद मोठा नाहीं : तंतुवाद्यें, प्रत्येकी दोन फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न व ट्रंपेट आणि टिंपनीचे नगारे. आरंभीं व्हायोला, चेलो व बसून या मंद्र स्वरांच्या वाद्यांतून एक लहानसा स्वरबंध उमटतो. वरून खालीं उतरणारा, एकाच मात्राखंडांत संपणारा असा तो आहे. तो संपतो न संपतो तोंच पुन्हां तसाच येतो. मग तोच एक पायरी वर चढून दोनदां, पुन्हां आणखी एक पायरी वर जाऊन दोनदां. बी मायनर या स्वरपंक्तीच्या मूळ सुरावलींतील तीन प्रमुख स्वरांवर तो असा क्रमाक्रमानें उभा राहतो. त्याच्या वर इतर वाद्यांनीं लांबच लांब, स्थिर सूर धरलेले असतात. खालीं सतत हालचाल आणि वर न हलणारी रेषा. क्षितिजाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला समुद्र नेमका असाच दिसतो.

येथें लाटेच्या आवाजाची नक्कल नाहीं. कोणतेंही वाद्य फेंस उडविल्याचा किंवा पाणी आदळल्याचा देखावा करीत नाहीं. घेतलेली आहे ती लाटेची चाल. प्रत्येक लाट मागच्या लाटेसारखीच असते आणि तरी तीच नसते; ती कोठें सुरू झाली व कोठें संपली हें सांगतां येत नाहीं; आणि ती अव्याहत येत राहते. एक लहानसा स्वरबंध किंचित् बदलत शेंकडों वेळां फिरवीत राहिल्यानें हे तिन्ही गुण संगीतांत येतात. संगीत हें काळांत घडतें, समुद्राची हालचालही काळांत घडते. चित्रकाराला जें एका क्षणांत गोठवावें लागतें तें रचनाकाराला चालतें ठेवतां येतें. योगायोग असा कीं, टर्नर या इंग्रज चित्रकारानें स्टाफाचें आपलें प्रसिद्ध चित्र लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत मांडलें तें याच १८३२ सालीं. त्यांत धूर सोडणारी आगबोट, मावळता सूर्य आणि धुक्यांत विरघळलेला कडा आहे. विषय एक, वर्ष एक. साधनें मात्र सर्वस्वीं भिन्न.

थोड्याच वेळांत दुसरी स्वरकल्पना येते. ती डी मेजरमध्यें आहे, आणि चेलो व बसून ती गातात. पहिली खालीं उतरणारी होती. ही खालून वर चढत जाते, रुंद होत जाते, जणूं ढग बाजूला होऊन समुद्र दूरवर उजळत जावा. इंग्लंडमधील विख्यात संगीतसमीक्षक डॉनल्ड टोव्ही यांनीं हिला मेंडेल्सोनची सर्वांत थोर स्वरावलि म्हटलें आहे. त्यानंतर मधला विस्तार सुरू होतो, ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप झाला. अंतिम रूपांत येथें पांडित्याचें प्रदर्शन जवळजवळ उरलेलें नाहीं. मूळ स्वरबंधाचे तुकडे एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातात. दुरून हांक यावी आणि दुसऱ्या कड्यावरून तिला उत्तर मिळावें असा भास होतो. मध्येंच तंतुवाद्यें हलक्या, तुटक स्वरांनीं कुजबुजल्यासारखीं वाजूं लागतात आणि त्यांतून हळूहळू वादळ जमतें. विद्या येथेंही आहेच; तिच्यावांचून हें लिहितांच आलें नसतें. पण ती पाण्याखालच्या कातळासारखी आहे. लाट कोठें फुटावी हें ती ठरवते, आणि स्वतः दिसत नाहीं.

सोनाटाच्या नियमानुसार शेवटीं सर्व कल्पना पूर्वींच्याच थाटांत परतावयाच्या. मेंडेल्सोन येथें फार मोठी काटछांट करतो. पहिली कल्पना थोडक्यांत आटोपते, आणि ती उजळणारी दुसरी कल्पना परत येते तेव्हां ती फक्त दोन क्लॅरिनेटवर, अतिशय हळू आवाजांत, शांतपणें वाजते. आरंभीं जिच्यांत सूर्यप्रकाश होता तीच आतां आठवणीसारखी ऐकूं येते. सबंध दहा मिनिटांतील हा सर्वांत हृदयंगम भाग आहे, आणि प्रथमच ऐकणाऱ्यालाही तो सहज ओळखतां येतो. त्यानंतर मात्र समुद्र पुन्हां उसळतो, वाद्यवृंद पूर्ण जोरानें वाजूं लागतो, आणि आतां मोठ्या गजरांत शेवट होणार अशी अपेक्षा निर्माण होते. ती पुरी होत नाहीं. सारें एकाएकीं ओसरतें. मूळ स्वरबंध क्लॅरिनेटवर एकदां कानीं येतो, फ्लूटचा एक स्वर-समूह वर चढून विरून जातो, आणि तारा छेडल्याच्या अगदीं मंद आवाजांत रचना थांबते. समुद्र संपला असें वाटत नाहीं. पाहणारा तेथून निघून गेला एवढेंच वाटतें.

ही रचना त्या काळच्या घराघरांत पोहोंचली ती पियानोमुळें. वाद्यवृंदाचा जलसा मोठ्या शहरांतील लोकांनाच ऐकावयास मिळे. परंतु एकाच पियानोवर दोघांनीं बसून चार हातांनीं वाजविण्यासाठीं अशा रचनांच्या प्रती छापल्या जात, आणि या ओव्हर्चरचीही तशी प्रत निघाली. स्कॉटलंडशीं जोडलेली एक स्वतंत्र पियानोरचनाही मेंडेल्सोनच्या नांवावर आहे. हस्तलिखितावर तिचें नांव 'स्कॉटिश सोनाटा' असें होतें. १८३४ मध्यें ती 'फॅन्टेसिया' म्हणून प्रसिद्ध झाली. आणि त्याच प्रवासांत एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्याशेजारील पडक्या देवळांत सुचलेली 'स्कॉटिश' सिंफनी तर त्यानें १८४२ पर्यंत पुरी केली नाहीं. उतावीळपणा या माणसाच्या स्वभावांत नव्हता. तरी आयुष्य मात्र त्याला थोडेंच मिळालें. ४ नोव्हेंबर १८४७ रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, लाइपझिग येथें तो वारला.

मृत्यूनंतर त्याच्या कीर्तीवरही लाटा आदळल्या. त्याचें घराणें मूळचें ज्यू. लहानपणींच त्याचा बाप्तिस्मा झाला असला तरी हें विसरण्यास कांहीं लोक तयार नव्हते. रिखार्ड वाग्नर यानें १८५० मध्यें ज्यू संगीतकारांवर जो विषारी निबंध लिहिला त्यांत मेंडेल्सोनच्या कलेला खोल भावना नाकारली. त्याच वाग्नरला पुढें, हेब्रिडीज डोळ्यांपुढें ठेवून, तो पहिल्या प्रतीचा निसर्गचित्रकार होता असें म्हणावें लागलें. स्तुतींतही एक कुंपण होतें, हें उघड आहे. पण समुद्र त्याला नाकारतां आला नाहीं. नाझी राजवटींत जर्मनींत मेंडेल्सोनचें संगीत बंद पाडण्यांत आलें, आणि १९३६ मध्यें लाइपझिग येथील त्याचा पुतळा हलविला गेला. त्या पुतळ्याची प्रतिकृति त्याच शहरांत २००८ मध्यें पुन्हां उभारण्यांत आली. मधल्या सर्व काळांत इतर देशांत ही ओव्हर्चर वाजतच होती.

पुढें अनेकांनीं समुद्र स्वरांत बांधला. रशियन आरमारांत नोकरी केलेल्या रिम्स्की-कॉर्साकॉव्हनें १८८८ मध्यें 'शेहेराझाद' लिहून सिंदबादचें जहाज समुद्रांत सोडलें. १९०५ मध्यें फ्रान्सच्या देब्यूसीनें 'समुद्र' याच नांवाची मोठी रचना पुरी केली. त्यांचे वाद्यवृंद मोठे, रंग अधिक झगझगीत. हेब्रिडीज त्यांच्यापुढें फिकी पडत नाहीं, कारण तिची मातब्बरी रंगावर अवलंबून नाहीं. समुद्राविषयीं आपणांस काय काय लिहितां येतें याचा विचार सोडून, समुद्रापुढें काय टिकतें एवढेंच तिच्या कर्त्यानें तीन वर्षें तपासलें, आणि जें टिकलें नाहीं तें, तें उत्तम असूनही, काढून टाकलें.

ज्यांना ही ओव्हर्चर ऐकण्याची संधि मिळेल त्यांनीं ती निदान तीन वेळां ऐकावी. पहिल्या वेळीं गुहेचें, बेटाचें किंवा फिंगालचें नांव मनांत न आणतां तिच्या स्वाधीन व्हावें. दुसऱ्या वेळीं आरंभींचा तो लहान स्वरबंध ध्यानांत ठेवून तो कोठें कोठें व कोणत्या वाद्याच्या वेषांत परत येतो तें पाहावें. तिसऱ्या वेळीं दोन क्लॅरिनेटची वाट पाहावी. मग या संगीतांत शब्द नसतां समुद्र कोठून आला हा प्रश्न कोणाला विचारावयाचें कारण उरणार नाहीं.